बिल्डकाका

सर्व्हरचं सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येक कंपनीत एक बिल्डकाका असतातच. कार्डावर 'प्रिन्सिपल इंजिनिअर' वगैरे छापलेलं असतं, नवी पोरं तोंडावर सर म्हणतात. काका हे पाठीमागून. वय पंचेचाळिशीच्या आसपास. पण सोर्सकोडाच्या शेकडो फायली गोळा करून त्यांतून चालतं सॉफ्टवेअर उभं करणारी स्क्रिप्ट त्यांनी ऐन तिशीत लिहिलेली असते, आणि तेव्हापासून त्यांचा मुक्काम तिच्या उंबऱ्यावर.

अपग्रेडचा विषय काढला की काका मान वर न करता विचारतात, "चालतंय ना?" चालत असतंच. "मग?" एवढ्या भांडवलावर हिंजवडीतल्या आमच्या काकांनी पायथन ३ ला अकरा-बारा वर्षं दारात ताटकळत ठेवलं. ते आलं २००८ च्या डिसेंबरात. पायथन २ चा सपोर्ट आधी २०१५ मध्ये संपायचा होता. तो २०२० पर्यंत लांबला तेव्हा काकांनी सगळ्यांना पदरचे वडापाव खिलवले. १ जानेवारी २०२० ला तो खरोखरच संपला, तर एप्रिलमध्ये २.७.१८ ही अखेरची आवृत्ती निघाली. "मेल्यावर चौथ्या महिन्यात आवृत्ती काढतंय," काका गहिवरले, "आणि तुम्ही म्हणता याला सोडा!"

भित्रे म्हणावं तर तसंही नाही. सेंटओएस ७ च्या एका सर्व्हरवर एका उत्साही मुलाने 'पायथन' नावाची लिंक २ वरून ३ कडे वळवली. झालं, यम गतप्राण! सॉफ्टवेअर बसवणारं हे यम स्वतःच पायथन २ वर चालणारं. आता दुरुस्तीसाठी काही आणायचं तर यमच हवं. काका आले, खुर्ची ओढली, एक ओळ टाइप केली आणि चहाला गेले. रागावले नाहीत, याचंच त्या पोराला जास्त लागलं.

काकांचं आवडतं कीर्तन लेफ्ट-पॅडचं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने वादावादीनंतर आपली पॅकेजं एनपीएम या जावास्क्रिप्टच्या सामायिक भांडारातून काढून घेतली. त्यांतलं एक जेमतेम ११ ओळींचं, अक्षरांच्या डावीकडे रिकामी जागा भरणारं. त्यावाचून जगभर बिल्ड धडाधड कोसळले. म्हणून आमच्याकडे प्रत्येक लायब्ररीची प्रत घरच्या सर्व्हरवर, व्हर्जन ठोकून बसवलेली. हे काकांचं शंभर टक्के बरोबर. मात्र व्हर्जन गोठवलं की त्यातली सुरक्षेची भोकंही गोठतात, असं म्हटलं तर उत्तर येतं, "असू दे. ओळखीची भोकं आहेत."

शेवटी एका मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटपुढे काका नमले आणि स्क्रिप्ट पायथन ३ वर न्यायला बसले. 'प्रिंट'ला कंस घालणं हे सोपं काम. ते यंत्रही करतं. विष निघालं भागाकारात. कोअरच्या निम्मी कामं एका वेळी चालवायची, असा स्क्रिप्टचा जुना हिशोब. आठाचे निम्मे पायथन २ ला चार वाटायचे. ३ ने ४.० सांगितले, आणि ही कामं चालवणाऱ्या 'मेक'ने बजावलं, मला धन पूर्णांकच लागतो. चार आणि चार पूर्णांक शून्य यांत भांडण लागू शकतं, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी भागाकाराला दुसरी तिरपी रेघ जोडली आणि "बघ!" असा चेहरा केला.

घडी जरा बसतेय तोच ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि डिस्टयुटिल्स गायब. आमचं सगळं पॅकेजिंग त्याच्यावर! "घरातलं म्हातारं माणूस बाहेर काढतात हे लोक," काका म्हणाले, आणि शनिवार-रविवार बसून नवं लिहून काढलं. बदलाच्या नोंदीत एकच शब्द: 'किरकोळ'.

काकांचा दुसरा गुण कुणी मोजत नाही: ते लॉग वाचतात, पहिल्या ओळीपासून. कॉन्फिगर स्क्रिप्ट सुरुवातीलाच आजूबाजूचं वातावरण शहाणं आहे का ते तपासते आणि 'हो' छापते. तिथे काका रोज एकदा फिस्सकन हसतात.

हल्ली त्यांनी एका मुलीला हाताशी घेतलंय. ती एकेका ओळीचा अर्थ विचारते, हे त्यांना आवडतं. परवा ती एका ओळीवर थांबली. "सर, ही काय करते?"

"माहीत नाही. एकदा काढून बघितली होती."

"आणि?"

"परत घातली."