चौकशी खिडकी बंद आहे

महिला दिन जवळ आला की पुरवण्यांमध्ये एक चौकट हमखास येते : व्यग्र आईसाठी ताणमुक्तीच्या सवयी. चौकटीतल्या आईनं पांढराशुभ्र कुडता घातलेला असतो. ज्या घरात मूल आहे आणि हळदही आहे, त्या घरात पांढरा कुडता घालायला एक तर छातीत दम लागतो, नाही तर स्वयंपाकाला बाई. ही आई पहाटे पाचला उठते, कोमट पाणी पिते, वहीत तीन गोष्टींबद्दल कृतज्ञता नोंदवते आणि मग पंधरा मिनिटं स्वतःसाठी काढते. कुठून काढते, ते चौकटीत मावत नाही.

मी डोंबिवलीची. पाचला मीही उठते. कोमट पाणी मीही ठेवते, फक्त त्यात तूरडाळ असते. कृतज्ञताही आहे. नळाला पाणी आलं, पोळीवाल्या मावशी आल्या, आठ बाराच्या लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, झाल्या की तीन गोष्टी. त्या वहीत लिहीत बसले तर तिसरी जाते.

सगळ्याच सवयी टाकाऊ आहेत असं नाही. रात्री ओटा आवरून झोपणं, गणवेश-मोजे-ओळखपत्र एकाच खुर्चीवर काढून ठेवणं, रविवारी लसूण सोलून आणि नारळ खवून ठेवणं हे मी करते, आणि त्यानं सोमवार खरंच सुसह्य होतो. रविवारचं काय होतं, ते विचारू नका. मेथी तर मी परतीच्या गाडीतच निवडते. कांजूरमार्गला जुडी उघडली की मुंब्र्याला संपते.

माझी स्वतःची म्हणावी अशी एकच सवय आहे : फ्रिजमध्ये पानं भरून ठेवणं. शाळेच्या ग्रुपवर रात्री पावणेदहाला निरोप येतो की उद्या पाच प्रकारची पानं आणावीत. पहिल्या वेळी मी टॉर्च घेऊन सोसायटीच्या बागेत गेले होते. वॉचमननं अदबीनं विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?" त्याला काय काय सांगणार? आता कोथिंबीर, पालक, कढीपत्ता, पुदिना आणि अळू, सगळी पानं घरातच. निसर्ग अभ्यासात पैकीच्या पैकी.

सरकारचाही आमच्या ताणाचा अभ्यास आहे. २०२४ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणाप्रमाणे घरकाम करणारी बाई दिवसाला २८९ मिनिटं बिनपगारी घरकाम करते आणि घरकाम करणारा पुरुष ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत आमची दहा मिनिटं वाचली म्हणून मी पेढे आणायला निघाले होते, तेवढ्यात दिसलं की त्यांचीही नऊ वाचली आहेत. आणि ही ८८ मिनिटं जे पुरुष काही तरी करतात त्यांची. काहीच न करणारे या सरासरीत धरलेले नाहीत, आणि बहुमत त्यांचंच आहे.

सर्वेक्षणाची पद्धत मला आवडली. दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे चारला संपतो. हे ज्यानं ठरवलं तो नक्कीच आईच्या हाताखाली वाढलेला असणार. दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने करतात. एका रकान्यात बरीच कामं असतील तर दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली तेवढी नोंदवतात. इथेच माझा अर्ज फेटाळला जातो, कारण माझं मुख्य काम चार सेकंदांचं आहे.

"हिंग कुठंय?" चार सेकंद. "पीटीचे बूट कुठंयत?" चार सेकंद. "आज दुधाचा हिशोब कुणी केला?", "वायरीचा तो दुसरा तुकडा?", "आपल्याला शनिवारी लग्नाला कोणाच्या जायचंय?" हा शेवटचा प्रश्न लग्न ज्याच्या सख्ख्या आत्याकडे आहे त्याचा. कुकरची तिसरी शिट्टी मोजत असताना, पदर पिनेत अडकलेला असताना, बाथरूमचं दार आतून बंद असताना मी या घराची चौकशी खिडकी चालवते. भांडी घासून हात दुखतात, पण हात पुसता येतात. विरजण लावायचं राहिलंय, लसीची तारीख बुधवारी आहे, गॅसचं पुस्तक माळ्यावर आहे, हे सगळं डोक्यात घेऊनच झोपायचं, आणि झोपेतही खिडकी उघडी ठेवायची.

व्यवस्थेला आमची काळजी नाही असं मात्र म्हणू नये. २०१७ पासून कायद्यानं बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा मिळाली. कायदा उत्तम आहे. फक्त ते बाळ सकाळच्या लोकलनं फोर्टपर्यंत कसं न्यायचं, याचं कलम नाही. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी झाली पाहिजे. झालीच पाहिजे. मूल नऊला शाळेत आणि आई आठ बाराला गाडीत, मधला पाऊण तास कोणाचा, ते शासन निर्णयात नाही. आमच्याकडे तो सासूबाईंचा आहे. अशा निर्णयांच्या प्रती आज्ज्यांनाही पाठवायला हव्यात, अंमलबजावणी अधिकारी म्हणून.

तर चौकटीतली "नाही म्हणायला शिका" ही सवय मी मनावर घेतली. सासर पुण्याचं, त्यामुळे पाटी कशी लिहावी हे शिकायला पैसे पडले नव्हते. फ्रिजवर लावली :

चौकशी खिडकी. वेळ : सायं. ८ ते ८.१५. एका वेळी एकच प्रश्न. सुट्टे प्रश्न आणावेत. फ्रिज स्वतः उघडून पाहिल्याशिवाय रांगेत उभे राहू नये.

पहिल्याच सकाळी नवऱ्यानं हिंगासाठी अकरा डबे उघडले. न्यायाला धरून सांगते, यात माझीही चूक होती. आमच्या घरात डब्यावर लिहिलेलं असतं ते सोडून आत काहीही असतं. बिस्किटांच्या डब्यात रवा, आइस्क्रीमच्या डब्यात इडलीचं पीठ, आणि ज्या डब्यावर "हिंग" लिहिलंय त्यात सुया. आमटी बिनहिंगाची झाली. कोणी मेलं नाही. चौथ्या दिवशी नेलकटर शोधता शोधता त्याला स्वतःची दहावीची मार्कशीट सापडली, आणि ती बघत तो इतका वेळ बसला की नखं रविवारवर गेली.

पण कचेरीत खिडकी बंद असली की बाहेर एजंट उभा असतोच. आमचा एजंट आतल्या खोलीत होता. "अरे, माळ्यावर डावीकडे बघ," सासूबाई जप थांबवून सांगायच्या. मी म्हटलं, "आई, आता तुम्ही तरी नका ना सांगू." त्या म्हणाल्या, "अगं, तोंडातून निघून जातं. चाळीस वर्षं झाली." मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांची खिडकी बंद झाली असं मला उगाच वाटत होतं. फक्त पाळी बदलली होती.

दुसऱ्या आठवड्यात घर सुरळीत चालू लागलं. डबे वेळेवर भरले जाऊ लागले, बूट सापडू लागले, ऑफिसात मला दुपारी एकही फोन येईना. मी गाडीत बायकांना सांगितलं की जमतं हो, थोडा कडकपणा हवा. एकीनं मेथी निवडता निवडता विचारलं, "घरात मुलगी आहे का?"

घरी येऊन पाहिलं तर बापलेक स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि चौथीतली कन्या गृहपाठावरून मान वर न करता सांगत होती, "दुसऱ्या फळीवर, चहाच्या डब्यामागे. दादा, तुझे मोजे गादीखाली." दादा सातवीत आहे. त्याला सगळ्या क्रिकेटपटूंची सरासरी पाठ आहे. हिला हे कोणी शिकवलं नव्हतं. मला तरी कोणी शिकवलं होतं?

रात्री तिला जवळ घेऊन म्हटलं, "तू कोणाला काही सांगत जाऊ नकोस हं. शोधू दे त्यांचं त्यांना." ती म्हणाली, "फुकट नाही सांगत मी. पाच रुपये घेते." आणि तिनं कंपासपेटी उघडून दाखवली. एकशे पंचेचाळीस रुपये होते, वर बाबांकडे तीस उधारी.

मी तिला बाबांचा दर दहा करायला सांगितलं. हिशोब नीट बघावा म्हणून चष्मा शोधू लागले. ओट्यावर नव्हता, देवघरात नव्हता, फ्रिजवरही नव्हता.

"अगं, माझा चष्मा कुठंय?"

तिनं हात पुढे केला.