कोणी आणला?

नवा आजार आला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘कोणी आणला?’ त्या माणसाचं नाव, गल्ली, फोटो, गाडीचा नंबर अर्ध्या तासात तालुकाभर फिरतो. त्याला ताप किती आहे, धाप लागतेय का, घरात म्हातारं माणूस आहे का, हे विचारायला मात्र कोणी फिरकत नाही.

नगर जिल्ह्याने मार्च २०२० मध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. त्यातून निघालेला धडा एका ओळीचा आहे. आजारापेक्षा शेजाऱ्याची भीती जास्त वाटायला लागली की माणूस आजार लपवतो, आणि लपवलेला आजार गावभर होतो.

९ मार्चला पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. दुबईची सहल करून आलेलं दांपत्य. डॉक्टरांच्या आधी त्यांची नावं मोबाइलवर पोचली. आजार झालेल्या कुटुंबाला वाळीत टाकू नका, असं प्रशासनाला जाहीरपणे बजावावं लागलं. त्याच आठवड्यात नगरचा पहिला रुग्ण निघाला, तोही दुबईहून परतलेला. आणि त्याच दिवसांत नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या विलगीकरण कक्षातून तीन संशयित निघून गेल्याची बातमी आली. पोलीस शोधायला निघाले.

जिल्हा त्या तिघांवर तुटून पडला. त्यांचं चुकलंच, तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबायलाच हवं होतं. त्यांच्या मनात काय होतं ते तेच जाणोत. पण त्या आठवड्यात वॉर्डात राहणाऱ्या माणसाचं आणि त्याच्या घरादाराचं बाहेर काय होत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पोरांशी कोणी खेळेना, दूधवाला दारात येईना. दवाखान्यात थांबण्याची एवढी किंमत मोजावी लागणार असेल, तर थांबायचा धीर किती जणांना होईल?

मग हातावरचे शिक्के आले. परदेशातून आलेल्याच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, न पुसणाऱ्या शाईने, किती तारखेपर्यंत घरी राहायचं ते छापायचं. हेतू चांगला होता: माणसाने घरी थांबावं, लोकांनी अंतर ठेवावं. झालं भलतंच. शिक्का घेतलेली माणसं रेल्वेतून प्रवास करताना सापडली, सहप्रवाशांनी आरडाओरडा केला, त्यांना मधल्याच स्थानकावर उतरवलं गेलं. शिक्का मारला म्हणजे सरकारचं काम संपत नाही. त्या माणसाच्या घरी चौदा दिवस किराणा कोण पोचवणार, हे ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी शिक्क्याला अर्थ येईल.

माणसं झाली, आता कोंबड्या.

फेब्रुवारीत मेसेज फिरला की ब्रॉयलर कोंबडीत कोरोना सापडला. सोबत आजारी कोंबडीचे फोटो. कुठले, कधीचे, कोणी विचारलं नाही. संगमनेरपासून पारनेरपर्यंत ज्यांची शेडं आहेत त्यांना विचारा त्या महिन्याचं. ब्रॉयलर पक्षी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलोचा होतो आणि त्याच दिवशी विकावा लागतो. त्यानंतर तो खाद्य खात राहतो, पण त्याचे पैसे वाढत नाहीत. रोज सकाळी शेडचा पडदा वर करायचा, पाण्याच्या भांड्यांवरून हात फिरवायचा, खाद्याचं पोतं फोडायचं, आणि गाडी येणार नाही हे माहीत असताना हे सगळं करायचं. किलोमागे सत्तरीच्या घरात खर्च, आणि जागेवरचा भाव काही ठिकाणी दहा-वीस रुपये. लोकांनी पक्षी फुकट वाटले, खड्ड्यात पुरले. कोंबडीचं खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीन. मागणी तुटली तशी ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही त्या मका-सोयाबीनवाल्यालाही झळ बसली.

कोंबडीतून हा आजार होतो याला कसलाही आधार नव्हता. पशुसंवर्धन खातं सांगत होतं, शास्त्रज्ञ सांगत होते. ऐकलं कोणी? उन्हाळ्यात लोक पुन्हा चिकनच्या दुकानापुढे उभे राहिले, तेव्हा भाव भडकलेले. शेडं रिकामी होती ना! ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनीच महाग चिकन घेतलं. मधल्या मधे बुडाला तो शेडवाला. त्याचं कर्ज कोणत्या ग्रुपने फेडलं?

आणि शहाणे झालो का? ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये जनावरांना लम्पी झाला. राज्यात जळगावकडून सुरुवात झाली, आपल्या जिल्ह्यातही गोठ्यागोठ्यात गाठी दिसल्या, जनावरांचे बाजार बंद झाले. लगेच नवा मेसेज: दूध पिऊ नका. लम्पी माणसाला होत नाही आणि दूध प्यायला धोका नाही, हे पशुसंवर्धन खात्याला पुन्हा घसा कोरडा करून सांगावं लागलं. एकीकडे शेतकरी गाईच्या अंगावरच्या जखमा धुतोय, दुसरीकडे त्याच्या किटलीकडे लोक संशयाने बघताहेत. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीची हवा झाली. २००१ पासून शास्त्राला माहीत असलेला विषाणू, पण ‘चीनमधून नवा आजार’ म्हणून आठवडाभर घबराट.

फेब्रुवारी २०२० मध्ये रामदास आठवले यांनी मुंबईत ‘गो कोरोना’ म्हटलं, त्यावर देश महिनाभर हसला. त्या घोषणेने कोणाचं शेड बुडालं नाही. खरी हानी झाली ती गंभीर चेहऱ्याने ‘काळजी घ्या, पुढे पाठवा’ लिहिणाऱ्यांकडून.

आता गावाकडे येऊ. मार्च संपता संपता गावोगावच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या पडल्या. कुठे बैलगाडी आडवी, कुठे जेसीबीने चर. ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही.’ बाहेरचे म्हणजे कोण? पारनेर-अकोल्याच्या घराघरातलं एक माणूस मुंबईत आहे. देवळाच्या कळसाला, यात्रेच्या तमाशाला, शाळेच्या पत्र्याला वर्गणी मागताना तो ‘आपला मुंबईकर’ असतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण कोंडले गेले, काम थांबलं, म्हणून तो पोरंबाळं घेऊन निघाला, तर त्याच्यासाठी काटे! चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहा, हे सांगणं बरोबरच होतं. पण किती शाळांत संडासला पाणी होतं? रात्री दिवा होता? जिथे होतं तिथे माणसं गुपचूप राहिली. जिथे नव्हतं तिथे ती रात्री मागच्या वाटेने घरी गेली, आणि गाव त्यांना दोष देत बसलं.

ऊसतोड मजूर तर दोन्हीकडून गेला. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं कारखान्यांच्या तळावर अडकलेली. फड संपला, अंगावरची उचल फिटली की नाही माहीत नाही, घरी म्हाताऱ्यांजवळ लेकरं. १७ एप्रिलला सरकारने राज्यातल्या सव्वा लाखाहून जास्त मजुरांना गावी जायची परवानगी दिली. कोयता घेऊन जाणाऱ्याच्या मागे आपण दरवर्षी साखर मोजतो. तो परत येताना तपासणी, जेवण आणि चौदा दिवसांची जागा देणं हे त्याच्यावरचे उपकार नव्हते.

आणि मग ते प्रकरण, ज्याबद्दल या जिल्ह्याने मान खाली घालायला हवी. दिल्लीच्या मरकजमध्ये जमलेल्या लोकांत लागण सापडल्याची बातमी आली आणि ‘कोणी आणला?’ या प्रश्नाला एक अख्खा समाज उत्तर म्हणून मिळाला. नगर जिल्ह्यात मशिदींत राहिलेल्या तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. घाना, टांझानिया, इंडोनेशिया, आयव्हरी कोस्ट अशा देशांतली माणसं. मोहल्ल्यातल्या भाजीवाल्याचं नाव विचारून भाजी घ्यायची की नाही ते ठरायला लागलं. २१ ऑगस्ट २०२० रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, २९ परदेशी नागरिकांवरचे ते गुन्हे रद्द केले. साथ किंवा संकट आलं की बळीचा बकरा शोधला जातो आणि या परदेशी लोकांची तशी निवड झाली असावी, असं न्या. नलावडे यांनी निकालात लिहिलं. माध्यमांनी चालवलेल्या प्रचारावरही त्यांनी बोट ठेवलं. झाल्या कारवाईचा पश्चात्ताप करून नुकसान भरून काढायची वेळ आली आहे, इथपर्यंत ते बोलले.

गुन्हे दाखल झाले त्याची बातमी पहिल्या पानावर. रद्द झाले त्याची कितीजणांनी वाचली? ज्या ग्रुपवर गुन्ह्यांची बातमी फिरली, त्या ग्रुपवर निकाल फिरला का? चुकीचा मेसेज पाठवायला जेवढा अंगठा चालला, तेवढाच दुरुस्तीसाठी चालायला हवा होता. ज्याला लागण झाली त्याला उपचार हवेत, संपर्कात आलेल्याला विलगीकरण हवं. मग तो लग्नाहून आलेला असो, जत्रेहून, दुबईहून किंवा मरकजहून. याच्यापलीकडे रोगाला धर्म विचारायचं कारण नाही.

हे आपल्याला १८९७ मध्येच कळायला हवं होतं. पुण्यात प्लेग आला. सोजीर घरात घुसायचे, सामान बाहेर फेकायचे, माणसं उचलून छावणीत न्यायचे. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. प्रेतंही लपवली. प्लेग थांबला नाही. त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीला झालेला साथरोग कायदा १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. कायद्याला सव्वाशे वर्षं झाली, तरी पहिलं हत्यार धाकाचंच.

त्याच प्लेगात एक बाई उलट दिशेने चालत गेली. सावित्रीबाई फुले. अध्यापनाचं शिक्षण त्यांनी आपल्या नगरातच, मिस फॅरार यांच्याकडे घेतलं होतं. पासष्टी ओलांडलेली ती बाई प्लेग झालेलं अस्पृश्य घरातलं पोर पाठीवर घेऊन मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात पोचली. पोर जगलं. त्यातूनच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. त्यांच्या नावाचे फलक जिल्ह्यात चौकाचौकात आहेत. सगळ्यांनी त्यांच्यासारखं प्राण द्यावेत असं कोणी म्हणत नाही. आजारी माणसाला गुन्हेगार म्हणू नये, एवढं तरी घ्यावं.

आपली माणसं ऐकत नाहीत, हे मला मान्य नाही. १७ मार्च २०२० ला दुपारी तीन वाजता शिर्डीचं साईमंदिर दर्शनासाठी बंद झालं. हॉटेलवाला, हारवाला, रिक्षावाला, लॉजवाला, सगळ्या गावाची चूल त्या दारावर. तरीही दार बंद राहिलं, ते १६ नोव्हेंबरला पाडव्याला उघडलं. नियम स्पष्ट होता आणि श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखा होता. कोणाचं नाव घेऊन कोणाला हिणवलं नव्हतं. म्हणून लोकांनी झळ सोसली.

खासगी दवाखान्यांची शटर खाली असताना नगरच्या बूथ हॉस्पिटलने कोरोनाचे रुग्ण घेतले. साल्वेशन आर्मीचा जुना दवाखाना. गावागावात आशाताई वही घेऊन दारोदार फिरल्या. त्या कामाचा केंद्राचा जादा भत्ता महिन्याला १००० रुपये. काही दारं त्यांच्या तोंडावर आपटली गेली, तरी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. ‘काकू, ताप आहे का कोणाला?’ त्या सगळ्या दिवसांत योग्य प्रश्न विचारणारी हीच बाई होती, आणि तिला आपण सगळ्यात कमी पैसे दिले.

दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, हिवरे बाजारने काय केलं तेही पाहा. पोपटराव पवारांच्या गावात स्वयंसेवकांची पथकं घरोघर गेली, ताप आणि ऑक्सिजन मोजला, लक्षण दिसलं की लगेच माणूस वेगळा. गाव लवकर कोरोनामुक्त झालं, जूनमध्ये शाळेत पोरं बसली. तिथे माणूस स्वतःहून ‘मला कणकण आहे’ म्हणाला, कारण सांगितल्यावर आपलं शेत, आपली जनावरं वाऱ्यावर पडणार नाहीत याचा त्याला भरवसा होता. पाण्याचा हिशेब गावासमोर मांडायची सवय ज्यांना अनेक वर्षांची, त्यांना तापाचाही मांडता आला.

हे फक्त हिवरे बाजारलाच जमतं, असं म्हणून हात झटकू नका. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. नवा आजार आला तर रुग्णाचं नाव आरोग्य केंद्राबाहेर जाणार नाही, आणि ज्याने पसरवलं त्याला गाव जाब विचारेल. विलगीकरणातल्या घराची धार कोण काढणार, पाण्याची पाळी कोण धरणार, डबा कोण देणार, याची यादी आधीच लावलेली असेल. शाळेच्या एका खोलीला दिवा, पाणी आणि संडास बारमाही चालू असेल. खाण्यापिण्याबद्दलचा कुठलाही मेसेज आशाताईंना किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारल्याशिवाय पुढे जाणार नाही. याला फारसा निधी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

फक्त ठराव साथ नसताना करा. साथ आल्यावर गाव घाबरलेलं असतं, आणि घाबरलेलं गाव ठराव करत नाही, माणूस शोधतं.