दाजींचं डांबर

शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात, पण शहाबादी फरशी उभ्या महाराष्ट्रात, ओट्यापासून मोरीपर्यंत. तेव्हा शेजारच्या बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यात राहणाऱ्या आमच्या दाजींनी गाडी लावायला अंगणात तीच टाकावी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण उशाला असलेल्या वस्तूला कोण विचारतो? "फरशी काय, गोठ्यातही असते," दाजी म्हणाले. त्यांना डांबर हवं होतं. हायवेसारखं.

मुकादम आला. त्यानं अंगणात पहार मारली, वर आलेलं ढेकूळ चिमटीत चुरडलं आणि मान हलवली. "साब, काली मिट्टी है. डेढ फूट निकालना, मुरूम भरना, दबाना. फिर खडी, फिर डांबर."

दाजींनी हिशेब मांडला. निम्म्याहून जास्त पैसा जमिनीखाली जाणार आणि पाहुण्यारावळ्यांना दिसणार वरचे दोन इंच! "मी काय धन पुरायला बसलोय?" मुरुमाचा विषय तिथंच संपला.

काळ्या मातीचं असं आहे की ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशी भेगाळते, की पोरांचे चेंडू गडप होतात. तुरीला ती मानवते, डांबराला नाही. बिदर शहराचं बरं आहे, ते जांभ्यावर बसलंय. किल्ल्याचा तिहेरी खंदक कातळ फोडून काढलेला, अजून शाबूत आहे. पंधराव्या शतकात अहमदशहा बहामनीनं राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बिदरला हलवली. इतिहासकार त्याची कारणं दरबारातल्या कटकारस्थानांत शोधतात. मला वाटतं, त्यानं मुकादमाचं ऐकलं असावं.

डांबरीकरणाच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाफाळता माल आला. हा माल प्लांटमधून निघतो दीडशे अंशांच्या आसपास आणि गरम आहे तोवरच पसरून त्याच्यावर रोलर फिरवावा लागतो. निवला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण दाजींनी मुहूर्त काढला होता. गुरुजी रोलरला हळदकुंकू वाहून संकल्प सोडत होते, अक्का नारळ शोधत होती आणि ट्रॉलीतली वाफ विरळ होत चालली होती. शेवटी मुकादमाचा तोल गेला. "पंडितजी, मंतर बाद में बोलो, माल ठंडा होरा!" गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि स्तोत्र सुरुवातीपासून पुन्हा म्हटलं.

व्हायचं तेच झालं. कडेकडेचा माल दबलाच नाही. बोटानं उकरला की खडी चिवड्यातल्या डाळ्यासारखी सुटी होऊन हातात यायची.

मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढं गेला आणि अंगण मऊ पडलं. स्कूटर साइड स्टँडवर लावली की स्टँड रुतायचा आणि स्कूटर सावकाश, घरंदाजपणे आडवी व्हायची. ट्रॅक्टरमधून डिझेल ठिबकायचं, तिथलं डांबर विरघळून खडी उघडी पडली. अक्कानं कुरडया घातल्या. त्या तासाभरात वाळल्या खऱ्या, पण खायचं धाडस कुणी केलं नाही.

मृगाच्या पावसात खालची माती फुगली. अंगणाच्या मधोमध उंचवटा आला, दाराशी खोलगा पडला. उतार काढायचा राहूनच गेला होता, त्यामुळे पाणी साचलं ते साचलंच. पाण्याचं आणि डांबराचं हाडवैर. आधी केसाएवढी चीर पडली, मग तीत पाणी शिरलं, मग ढलपे निघू लागले. भेगा पडल्या तेव्हाच त्यांत डांबर ओतून बुजवल्या असत्या तर थोडक्यात भागलं असतं. दाजी म्हणाले, "पावसाळा सरू द्या." पावसाळ्यानंतर बुजवायला भेगा उरल्या नव्हत्या, खड्डे होते.

यंदा शेजारच्या पाटलांनी डांबर टाकायचं काढलं आणि सल्ल्याला बोलावणं आलं ते दाजींनाच. दाजी खुर्ची टाकून बसले. "आधी दीड फूट माती काढा. मुरूम भरा, पाणी मारून दाबा. उतार रस्त्याकडे ठेवा. आणि माल आला की गुरुजींना फाटकाच्या आत घेऊ नका."

पाटील भारावून गेले. "दाजी, तुमच्याकडं मुरूम किती टाकला होता हो?"

दाजींनी आत पाहून हाक मारली, "वहिनी, माझ्या चहात साखर कमी हं."