कुत्रा मारला, यादी केली का?

पिसाळलेला कुत्रा गावात शिरला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात काय होतं, ते लहानपणापासून पाहत आलोय. आधी आरडाओरडा, मग काठ्या, मग दहा-पंधरा तरुण त्याच्या मागं. गल्लीतून तळ्याच्या पाळीवर, पाळीवरून धानाच्या बांध्यांत. कुत्रा मेला की गाव मोकळं होतं. संध्याकाळी पानठेल्यावर एकच विषय: पहिली काठी कुणाची बसली.

सकाळपासून तो कुत्रा कुणाकुणाला चावला, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं मागणं एवढंच आहे. पंधरा माणसं कुत्र्यामागं धावत असतील, तर त्यातल्या दोघांनी वही घेऊन उलट्या दिशेनं निघावं. कुत्रा ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं मागं जावं आणि घरोघर विचारावं. कुणाला चावला? कुणाला नुसता ओरखडा गेला? कुणाच्या उघड्या जखमेवर लाळ लागली? गोठ्यात शिरला होता का? आशाताई आणि अंगणवाडी सेविका सोबत असल्या तर उत्तमच, कारण कोणत्या घरात कोण लपवतंय हे त्यांना बरोबर कळतं.

घाई कुत्र्याची नसते, या वहीची असते. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि नसांच्या वाटेनं मेंदूकडं सरकत जातो. पोटरीला चावा असेल तर वाट लांबची, गालाला किंवा मानेला असेल तर जवळची. लहान पोरांना तोंडाला चावे बसतात म्हणून त्यांना धोका जास्त. लक्षणं दिसायला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाच लागतो, कधी वर्ष उलटतं. तेवढी आपल्याला मिळालेली मुदत. एकदा घशाला पाणी नकोसं झालं की मुदत संपली. त्यानंतर वाचलेली माणसं साऱ्या जगात बोटांवर मोजावी इतकी आहेत. त्याआधी नीट उपचार झाले तर हा आजार जवळजवळ हमखास टळतो. टळणं आणि मरणं यांत इतकं अंतर असलेला दुसरा आजार मला माहीत नाही.

आणि हे अंतर पार करायला सुरुवातीला काय लागतं, तर साबणाची वडी.

मागच्या आषाढात शेजारच्या सात वर्षांच्या पोराला पोटरीला दात लागले. त्यानं सांगितलंच नाही. पॅन्ट खाली ओढून गप बसला होता. मोठ्या बहिणीनं रक्त पाहिलं म्हणून कळलं. आजी तिखटाचा डबा घेऊन आली. कुणी चुना सुचवला, कुणी झाडफूक करणाऱ्याचं नाव घेतलं. पोराच्या आईनं कुणाचं ऐकलं नाही. त्याला उचलून बोरिंगवर नेलं आणि मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही हापसा."

मी हापसत राहिलो. ती कपडे धुण्याच्या वडीनं जखम धूत राहिली. फेस केला, पाण्याखाली धरली, पुन्हा फेस. चार-पाच मिनिटांत आजी म्हणाली, "बस झालं ना आता, किती धुशील?" मी मोबाईलवर वेळ लावली होती. पंधरा मिनिटं किती लांब असतात हे त्या दिवशी कळलं; हात भरून आले. पण या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण तेच फोडतो. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं हा अर्धाअधिक उपचार आहे, आणि तो आरोग्य केंद्रात पोहोचायच्या आधी, आपल्याच दारात करायचा असतो. तिखट, चुना, हळद जखमेत गेली की जखम चिडते आणि धुणं राहून जातं.

पोरगा लपून का बसला, तेही नंतर कळलं. मार बसेल ही एक भीती. दुसरी भीती पोटात चौदा सुयांची. ती गोष्ट आजीनंच कधीतरी सांगितलेली. आजी खोटं बोलली नव्हती. तिच्या काळी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस पोटात टोचत, आणि ती भयंकर दुखायची. आपल्या देशात ती बंद होऊन वीस वर्षं झाली. आता सुया दंडाला. गोष्ट मात्र घराघरांत अजून चालू आहे, आणि तिच्यापायी पोरं चावा लपवतात. आज्यांनो, ती गोष्ट आता सांगू नका. आणि आईबापांनो, चावा दाखवणाऱ्या पोरावर हात उगारू नका.

लहानसा ओरखडाही सोडू नका. उत्तर प्रदेशात बुलंदशहरच्या एका तरुण कबड्डीपटूनं नालीत पडलेलं पिल्लू बाहेर काढलं. पिल्लाचा दात बोटाला लागला. एवढ्याशासाठी लस कशाला, म्हणून त्यानं घेतली नाही. 2025च्या जूनमध्ये तो गेला. धडधाकट, मैदानावरचा पोरगा.

गोठ्याची गोष्ट वेगळी लिहायला हवी, कारण आपल्याकडं ती फार चुकते. पिसाळलेली गाय किंवा म्हैस दरवेळी मारकी होत नाही. ती वेगळाच हंबरडा फोडते, लाळ गाळते, गिळता येत नसल्यासारखी करते. मालकाला वाटतं, घशात काही अडकलं. तो काय करतो? कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घालतो. त्या हातावर विळ्याच्या, काट्याच्या दहा चिरा. हे चावणं नव्हे म्हणून तो कुणाला सांगत नाही, आणि यादीतही येत नाही.

उलट दुधाची भीती गावभर पसरते. 2025च्या डिसेंबरात उत्तर प्रदेशातल्याच बदायूँ जिल्ह्यात तेरवीच्या जेवणात रायता वाढला होता. ज्या म्हशीचं दूध त्यात होतं, ती पुढं मेली. तिला कुत्रा चावला होता हे कळल्यावर दोनशेच्या आसपास माणसांनी लस घेतली. घेतली ते बरंच केलं. आजारी जनावराचं दूध पिऊ नये, आणि उकळलेल्या दुधातून हा आजार होत नाही. पण गाय-म्हैस लाळ गाळताना दिसली तर तिच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकाला बोलवा. आणि घातलाच असेल तर सरळ बोरिंगवर या.

कुत्र्याबद्दलही एक सांगायचंय. चावलेला कुत्रा घरचा, ओळखीचा असेल तर त्याला मारू नका, सुरक्षित बांधून किंवा कोंडून दहा दिवस पाहा. दहा दिवस धडधाकट राहिला तर पुढच्या सुयांचं काय ते डॉक्टर ठरवतील. पहिली सुई मात्र त्या दहा दिवसांची वाट पाहत नाही, ती त्याच दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही लागतं. मारून पुरलेला कुत्रा काहीच सांगू शकत नाही.

गोव्यात 2013 साली कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम सुरू झाली. जाळी घेऊन पथकं गल्लोगल्ली फिरली, शाळाशाळांत मुलांना शिकवलं, दहातल्या सात कुत्र्यांना लस पोहोचेपर्यंत थांबली नाहीत, आणि दरवर्षी पुन्हा तेच केलं. कुत्र्यांमधल्या रेबीजच्या महिन्याच्या नोंदी 92 टक्क्यांनी घटल्या, माणसं मरायची थांबली. 2021 मध्ये गोवा सरकारनं राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केलं. आपल्याकडं तर नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल दाराशी आहे. गावचं कुत्रं रानात जातं, रानातलं कोल्हं शिवारात येतं, आणि पहाटे अंधारात मोहफुलं वेचायला बायामाणसं जातात. गावच्या कुत्र्यांना लस देणं म्हणजे त्या पहाटेच्या वाटेवर पहारा बसवणं आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय लिहून द्या. मी आमच्या गावात देतोय.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. त्याला कुत्रा चावला तो सोमवारी, आमच्या बाजाराच्या दिवशी. पहिली सुई त्याच दिवशी. मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं कागद दिला, पण आईनं हिशेब बाजारावर बसवला: आज सोमवार, मग गुरुवार, मग पुढचा बाजार, आणि शेवटची सुई आजपासून चौथ्या बाजारी. चुलीतल्या कोळशानं दाराशेजारच्या भिंतीवर चार रेघा ओढल्या.

पहिल्या तीन रेघा वेळेवर खोडल्या गेल्या. चौथी आली तेव्हा रोवणी भरात होती. जखम कधीच भरलेली, पोरगा चिखलात उड्या मारत होता. पहाटे बाया बोलवायला आल्या, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "आज मी येत नाही, रेघ बाकी आहे." त्या दिवसाची मजुरी बुडाली. दुपारी दोघं परतले. पोरानं स्वतः ओल्या बोटानं ती रेघ पुसली, आणि काळं बोट आजीच्या लुगड्याला पुसलं.