संदर्भ हवा, माणूस नको

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा एखादा पोरगा मराठी विकिपीडियावर पहिल्यांदा हात चालवतो, तेव्हा काय लिहितो? 'आमची पवनी वैनगंगेकाठी वसलेली असून येथील लोक अत्यंत प्रेमळ आहेत.' चहा संपेपर्यंत वाक्य गायब! कारण काय, तर संदर्भ नाही आणि तटस्थपणाही नाही. नियमाने बघाल तर अगदी बरोबर. प्रेमळपणाचा दाखला कुठल्या तहसीलमधून आणायचा?

मग त्याच्या चर्चापानावर छापील स्वागत येऊन पडतं. खाली दुव्यांची ही रांग: उल्लेखनीयता वाचा, प्रताधिकार वाचा, धूळपाटीवर सराव करा, चार टिल्डा (~) देऊन सही करा. मोबाइलवर टिल्डा सापडेस्तोवर रात्र होते. नव्या सुनेला उंबऱ्यावरच घराण्याची वंशावळ म्हणायला लावावी, तसला प्रकार. नवख्यांना चावू नका, असाही एक दंडक विकिपीडियाकडे आहे म्हणे. पण चावण्याच्या गडबडीत तो वाचायला सवड कुणाला?

खरं तर कुणी एवढंच लिहायचं होतं: 'बाबू, प्रेमळपणा राहू दे. १९६९-७० च्या उत्खननात पवनीला बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. नागपूर विद्यापीठाने त्याचा अहवाल छापलाय. तो मिळव, दोन ओळी टाक, कुठे टाकायच्या ते मी दाखवतो.' पण समजवायला अर्धा तास लागतो. लिहिलेलं उलटवायला एक टिचकी पुरते.

पोरगा आता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतिहास लिहितो. तिथे संदर्भ कुणी मागत नाही, आणि पवनी दर आठवड्याला पाचशे वर्षांनी जुनी होत चालली आहे.