नसलेल्या टीव्हीचा हयातीचा दाखला

ब्रिटनमध्ये टीव्ही न पाहणे हा गुन्हा नाही. फक्त त्याचा खुलासा करत राहावे लागते. परवाना लागतो तो थेट प्रसारण पाहायला, मग वाहिनी कुठलीही असो, आणि २०१६पासून बीबीसीच्या आयप्लेअरसाठीही. संच नुसता भिंतीवर टांगून ठेवला तर छदामही द्यावा लागत नाही. पण परवाना नसलेल्या घरी पत्र येतेच. वर नाव नसते, ‘सध्याचे रहिवासी’ असते. म्हणजे इथे कोण राहते हे ठाऊक नाही, पण जो कोणी राहतो तो चोरून मालिका पाहतो, एवढी दाट शंका! उत्तर दिले नाही तर पुढच्या पत्राचा सूर चढतो: हजार पौंडांपर्यंतच्या दंडाची आठवण, घरी माणूस पाठवण्याची तंबी. (हा माणूस वॉरंटशिवाय उंबरठा ओलांडू शकत नाही. थंडीत बिचाऱ्याला चहा विचारायचा का, ते आपले आपण ठरवावे.)

‘आम्हाला परवाना लागत नाही’ असे कळवले की पत्रे थांबतात. साधारण दोन वर्षे. मग पुन्हा विचारणा, पुन्हा खुलासा. पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यावा तसा.

भारत सरकारने रेडिओ-टीव्हीचे घरगुती परवाने १९८०च्या दशकातच मोडीत काढले. तिकडे मात्र कृष्णधवल संचाचा वेगळा, स्वस्त परवाना अजून मिळतो. आणि दृष्टिहीनांना? त्यांना सवलत आहे. निम्मेच पैसे भरायचे.