डोहाळ्यांचा विनंतिअर्ज

गर्भिणीच्या इच्छांना डोहाळे असे गोड नाव देऊन त्या बिनतक्रार पुरविण्याची आपल्याकडे मोठी उज्ज्वल परंपरा असली, तरी सातव्या महिन्यात हिंजवडीचा रस्ता रोज न तुडवण्याची इच्छा त्या सदरात मोडते की नाही, याविषयी आमच्या कचेरीत तीव्र मतभेद होता. मी चिंचा मागितल्या असत्या, तर साहेबांनी त्या स्वतः मंडईतून आणून दिल्या असत्या, इतके ते सहृदय गृहस्थ आहेत. परंतु मी मागितले घरून काम, आणि त्यांची मुद्रा तत्काळ सरकारी झाली.

“तुमचं ठीक आहे हो, पण पायंडा पडेल, त्याचं काय?”

जणू मला मिळालेली सवलत पाहून कचेरीतील समस्त मंडळी, पुरुषवर्गासुद्धा, गरोदर राहण्याच्या उद्योगाला लागणार होती!

डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडून, वाकडच्या पुलाखालील खोळंबा आणि अधिकृत-अनधिकृत गतिरोधक यांचे सविस्तर वर्णन करून मी अर्ज गुदरला. ‘कामाचे स्वरूप घरून करण्याजोगे नाही’ असा शेरा मारून तो परत आला. २०२० च्या टाळेबंदीत हेच काम मी स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी बसून केले होते. त्याचे स्वरूप त्यानंतर नेमके केव्हा पालटले, याचा खुलासा मात्र शेऱ्यात नव्हता.

मनुष्यबळ खात्यातील तरुणीने मग कायदा पुढे केला. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली, आणि घरून कामाचाही त्यात उल्लेख आला. परंतु तो रजा उपभोगून झाल्यानंतरचा, आणि तोही उभयपक्षी संमती असेल तर. म्हणजे मूल उदरात मुकाट्याने निजलेले असून घरात अपूर्व शांतता नांदत असते, तोवर मातेने कचेरीत जावे. आणि ते रांगत येऊन संगणकाच्या तारा तोंडात घालू लागले, म्हणजे तिने निवांतपणे घरून काम करावे! मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला, ज्याची पाठराखण डॉ. आंबेडकरांनी कायदे कौन्सिलात केली होती, तेव्हा गिरणीतला माग उचलून घरी नेणे कोणालाच शक्य नव्हते. माझा माग पाठपिशवीत मावतो, एवढाच माझा युक्तिवाद होता.

अखेरीस, आठवड्यातून दोन दिवस, बैठकीत चेहरा पडद्यावर दिसत राहील या अटीवर, मंजुरी आली. तिचा खरा आनंद झाला तो सासूबाईंना. पहिल्याच दिवशी त्या भरली परात घेऊन माझ्या खोलीत रुजू झाल्या. मी खुणेने पडद्याकडे बोट दाखवून हलकेच म्हटले, “आई, मीटिंग चालू आहे.”

“चालू दे की,” त्या म्हणाल्या. “बसलीच आहेस ना? मग एवढे मटार सोलून टाक.”